कायद्याला रविवार कळतो, पाण्याचा ताप कळत नाही



आपल्या मंचावर धरणांवर, जातपंचायतींवर, व्हिसाच्या नियमांवर आणि बुवाबाजीवर भरपूर लिहिलं जातं, आणि ते लिहिलंच पाहिजे. आज मी मात्र एका अगदी वेगळ्या विषयावर भांडायला आले आहे. विषय आहे स्कॉटलंडच्या नद्यांतला सॅमन मासा आणि तो फ्लायने धरण्याचा खेळ. "हा तर लॉर्ड लोकांचा छंद, त्याचं आपल्याला काय?" असं ज्यांच्या मनात आलं असेल, त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. (जाता जाता: ब्रिटनमध्ये गळाला लागलेल्या सगळ्यात मोठ्या सॅमनचा विक्रम, ६४ पौंड, टे नदी, १९२२ साल, हा कुठल्या ड्यूकच्या नावावर नाही. तो जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या बाईंच्या नावावर आहे.)

मुद्दा आधीच सांगून टाकते. स्कॉटलंडमध्ये सॅमन कधी धरायचा आणि कधी नाही, हे कॅलेंडर ठरवतं. नदी मात्र आता कॅलेंडरप्रमाणे वागत नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी ठराविक तापमानापलीकडे गेलं की मासेमारी कायद्यानेच थांबली पाहिजे. आज ती मालकाच्या मर्जीवर सोडलेली आहे, आणि याला नाव दिलंय 'स्वेच्छा'!

आधी मासा समजून घेऊ. इंडियन स्टोअरमध्ये 'इंडियन सॅमन' म्हणून मिळतो तो आपला रावस. त्याचा आणि या माशाचा काही संबंध नाही. अटलांटिक सॅमन जन्मतो नदीच्या वरच्या अंगाला, थंड पाण्यातल्या खड्यांमध्ये. दोनतीन वर्षं नदीत काढून बोटभर लांबीचा झाला की समुद्रात जातो, पार ग्रीनलंडच्या आणि फॅरो बेटांच्या बाजूला. तिथे एक ते तीन वर्षं खाऊनपिऊन दांडगा होतो आणि अंडी घालायला बहुधा आपल्या जन्माच्या नदीतच परततो. कोकणातल्या मंडळींना वलगण माहीत असते. पहिल्या पावसाचा लोंढा आला की अंड्यांनी भरलेले मासे ओढ्या-शेतांतून वर चढतात, आणि घरोघरी चढणीच्या माशांचं कालवण होतं. सॅमनचंही गणित तेच. नदीला पाणी चढलं की तो चढतो, पाणी उतरलं की डोहात थांबून राहतो. फरक एवढाच, की हा चढणीचा मासा नदीत शिरल्यावर जवळजवळ काही खात नाही. फेब्रुवारीत शिरलेली मादी नोव्हेंबरमध्ये अंडी घालते. म्हणजे नऊ महिने उपाशी. अंगात साठवलेल्या चरबीवर तिने हे सगळे महिने काढायचे, आणि त्याच चरबीवर किलोमागे हजार-दीड हजार अंडीही पोसायची.

भूक नसलेला मासा गळाला लागतो तरी का, यावर इथल्या पबमध्ये रात्र रात्र वाद चालतात. पिसं, केस आणि रंगीत दोरे बांधून केलेली नकली माशी प्रवाहात तिरपी सोडली की तो कधी चिडून, कधी सवयीने तिच्यावर झडप घालतो. हे कसब शिकायला मला तीन वर्षं लागली. त्यातलं अर्धं शिक्षण काठी फिरवण्याचं होतं आणि अर्धं नदी वाचण्याचं. पाणी ८ अंशांच्या खाली असेल तर मासा सुस्त असतो, म्हणून बुडणारी दोरी आणि मोठी फ्लाय. १० अंशांच्या वर गेलं की तरंगती दोरी आणि बारीक फ्लाय. पाऊस पडून गढूळ लोंढा ओसरायला लागला, पाण्याला चहासारखा रंग उरला, की ती वेळ सोन्याची. म्हणजे या खेळात थर्मामीटर आणि पाण्याची पातळी बघितल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. सेपा या सरकारी पर्यावरण संस्थेच्या वेबसाइटवर नद्यांची पातळी रोज दिसते. मासा मिळावा म्हणून जो माणूस पाण्याचा अंश न् अंश मोजतो, त्याला मासा वाचवण्यासाठी तोच थर्मामीटर वापरता येत नाही असं कसं म्हणायचं?

आता नदीचं वर्ष पाहू. डी नदी ब्रेरिआख डोंगरावर सुमारे १२२० मीटर उंचीवर उगम पावते. केर्नगॉर्म पर्वतावरचा बर्फ मे महिन्यापर्यंत हळूहळू वितळायचा आणि नदीला थंड पाणी पुरवायचा. वसंतातल्या सॅमनचं सगळं वेळापत्रक या पाण्यावर बसवलेलं. आता बर्फ कमी टिकतो आणि लवकर जातो. मग एप्रिल-मेमध्येच खडक उघडे पडतात. २०२५ सालची सुरुवात स्कॉटलंडमध्ये १९६४ नंतरची सगळ्यात कोरडी होती. दुसऱ्या टोकाला हिवाळ्यातले पूर. ३० डिसेंबर २०१५ ला फ्रँक वादळात डीचं पाणी बॅलेटर गावात घुसलं. असा पूर नदीचा तळच खरवडून काढतो, आणि खड्यांत पुरलेली अंडीही त्याबरोबर जातात. उन्हाळ्यात पाणी नाही आणि हिवाळ्यात नको तेवढं, हे मराठवाड्यातल्या माणसाला नव्याने सांगायला नको.

तापमानाचं बघा. सरकारी शास्त्रज्ञांचं नदी-तापमान मोजणारं जाळं इथे आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या सुमारे ७० टक्के नद्यांमध्ये किमान एक दिवस तरी पाणी २३ अंशांच्या वर गेलं, असं त्यांनी सांगितलं. २३ अंश ही सॅमनच्या पिलांना त्रास सुरू होण्याची पातळी. हा आकडा कुठल्या चळवळीच्या पत्रकातला नाही, सरकारच्याच अहवालातला आहे.

मी व्यवसायाने बायोकेमिस्ट, माशांची तज्ज्ञ नाही. पण इथलं रसायनशास्त्र कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं आहे. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, २० अंशांच्या पाण्यात सुमारे ९. मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. म्हणजे पुरवठा पाचव्या हिश्शाने घटला आणि मागणी दुपटीवर गेली! अशा माशाला गळाला लावून दहा मिनिटं पळवायचं, त्याचे स्नायू लॅक्टिक आम्लाने भरायचे, मग पाण्याबाहेर धरून फोटो काढायचा आणि 'सोडून दिला' म्हणून स्वतःची पाठ थोपटायची. तो पोहत जातो खरा. पण दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात मेला तर ते बघायला कोण असतं? गार पाण्यात नीट हाताळून सोडलेले बहुतेक सॅमन जगतात, हे अनेक प्रयोगांनी दाखवलंय. पाणी १८-२० अंशांकडे गेलं की मरणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, हेही त्याच प्रयोगांनी दाखवलंय. पहिलं वाक्य सगळ्या माहितीपत्रकांत मोठ्या अक्षरांत असतं. दुसरं शोधावं लागतं.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण मासे आता मोजके उरलेत. २०१० साली स्कॉटलंडमध्ये गळाला सुमारे १ लाख ११ हजार सॅमन लागले. २०२३ साली सुमारे ३३ हजार. १९५२ पासून ही नोंद ठेवतात, तेव्हापासूनचा तोपर्यंतचा नीचांक. गळाला लागलेले मासे म्हणजे नदीतले सगळे मासे नव्हेत, एखाद्या वर्षी पाणी कमी म्हणूनही आकडा पडतो, हे मला मान्य आहे. पण इतर मोजण्याही तेच सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या जागतिक संस्थेने ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन 'धोक्यात' असलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकला.

आता कायदा बघा. स्कॉटलंडचा २००३ चा सॅमन कायदा म्हणतो, प्रत्येक नदी वर्षातला ठराविक काळ बंद राहील. तारखा नदीगणिक ठरलेल्या. टे १५ जानेवारीला उघडते, डी आणि ट्वीड १ फेब्रुवारीला, स्पे ११ फेब्रुवारीला. शिवाय रविवारी सॅमन धरणं हा गुन्हा आहे. हो, गुन्हा! कार्तिकातल्यासारख्या गारठ्यात, पाणी तुडुंब असताना, रविवारी मी फ्लाय टाकली तर मला कोर्टात उभं करता येतं. पण जुलैच्या सोमवारी २२ अंश तापलेल्या, घोट्याएवढ्या पाण्यात धापा टाकणाऱ्या माशांवर दिवसभर फ्लाय मारली, तर कायद्याचं काही म्हणणं नाही. देवाच्या विश्रांतीची काळजी घेणारा कायदा माशाच्या श्वासाची काळजी घेत नाही. आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याला हसणाऱ्यांनी यालाही थोडं हसून घ्यावं.

त्याच २००३ साली आलेल्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये कुणालाही कुणाच्याही माळरानावरून आणि नदीकाठाने जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला. फार मोठी गोष्ट आहे ती. पण सॅमन धरण्याचा हक्क त्यात येत नाही. तो जमिनीपासून वेगळा, वारसाहक्काने चालणारा, विकता येणारा खासगी हक्क आहे. मुळात राजाचा, मग राजाने ज्यांना दिला त्यांचा, आणि आता ज्यांनी विकत घेतला त्यांचा. नदीचे तुकडे पाडले आहेत, त्यांना 'बीट' म्हणतात, आणि बीट दिवसाच्या किंवा आठवड्याच्या बोलीने भाड्याने जातं. नदीची देखभाल करणारी जी जिल्हा मंडळं आहेत, त्यांचे प्रतिनिधी निवडतात कोण? हेच हक्कमालक. गळवाल्यांचे प्रतिनिधी नंतर सामावून घेतले जातात. म्हणजे तापलेल्या आठवड्यात 'आज नको' असं सांगायची जबाबदारी ज्याच्यावर, त्याच आठवड्याचं भाडं त्याच्याच खिशात. कुंपणाने शेत खाऊ नये म्हणून कुंपणालाच हात जोडायचे, असा हा प्रकार.

हे हवेत बोलत नाही. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये मी एका खासगी बीटवर तीन दिवसांचे पैसे भरले होते. नदीचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका मालकाचा नाही. पोचले तेव्हा तीन आठवडे पाऊस नव्हता. दुपारी गिलीने, म्हणजे बीटच्या राखणदार-वाटाड्याने, पाण्यात थर्मामीटर धरला. २१ अंश. तो खालच्या आवाजात म्हणाला, "माझं ऐकाल तर आज काठी उघडू नका." मालकाच्या ऑफिसात फोन केला. गोड आवाजात उत्तर मिळालं: नदी उघडी आहे, मासेमारी करायची की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय, पैसे परत मिळत नाहीत. मी काठी आवरली. पलीकडच्या काठावर चार जण संध्याकाळपर्यंत पाण्यात होते. त्यांनीही पैसे भरलेच होते की! गिलीला माहीत होतं, मला माहीत होतं, ऑफिसातल्या बाईंनाही बहुतेक माहीत असावं. पण 'बंद' म्हणण्याचा अधिकार कुणाकडेच नव्हता. स्वेच्छेचा अर्थ प्रत्यक्षात हा होतो, की ज्याला मासा कळतो त्याचे पैसे बुडतात आणि ज्याला कळत नाही तो मासे मारतो.

आता आक्षेपांकडे वळते, कारण ते येणारच.

पहिला आक्षेप आपल्या शाकाहारी आणि प्राणिप्रेमी मित्रांचा: मुळात मासा धरायचाच कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला 'खेळ आहे हो' हे उत्तर पुरत नाही. माझं उत्तर असं: आज स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या शंभरातले पंचाण्णवहून अधिक सॅमन सोडून दिले जातात, आणि नदीकाठी वर्षभर कुणी लक्ष ठेवून असेल तर तो बहुतेकदा गळवालाच असतो. सांडपाणी सुटलं, मासे मेले, धरणाने पाणी रोखलं, की पहिला फोन त्याचा जातो. १९५२ पासूनचे जे आकडे मी वर दिले, तेही गळवाल्यांच्याच वह्यांतून आलेत. ही राखण मोलाची आहे. पण म्हणूनच तापलेल्या पाण्यातल्या मासेमारीला काहीच समर्थन उरत नाही. तिथे राखण करणाराच मारेकरी होतो.

दुसरा आक्षेप गळवाल्यांचा: खरा घोटाळा समुद्रात आहे. पिंजऱ्यातल्या सॅमनच्या शेतीमुळे उवांसारखे परजीवी वाढतात, समुद्र तापलाय, खाद्य कमी झालंय. आमच्या चार काठ्यांनी काय होतं? यातलं पुष्कळ खरं आहे. आपण सुपरमार्केटमधून आणतो तो गुलाबी तुकडा पश्चिम किनाऱ्यावरच्या पिंजऱ्यातला असतो, याचाही विचार जेवताना करायला हरकत नाही. पण पूर्व किनाऱ्यावर, जिथे डी आणि ट्वीड समुद्राला मिळतात, तिथे असे पिंजरे नाहीत, आणि मासे तिथेही घटलेत. आणि समुद्रातून परतणारे मासे कमी झाले असतील, तर जो परतला त्याची किंमत वाढली की घटली? घरात चार भाकऱ्या उरल्या असताना 'दुष्काळ तर बाहेर आहे' म्हणून त्यातली एक कुणी फेकून देतं का?

तिसरा आक्षेप: झाडं लावा, सावली करा, हाच खरा उपाय. अगदी मान्य. हरणं आणि मेंढ्या यांनी इथले डोंगर बोडके करून ठेवलेत, वरच्या ओढ्यांवर सावलीच नाही, आणि डीच्या खोऱ्यात झाडं लावण्याचं मोठं काम सुरूही आहे. पण बर्च आणि ऑल्डरची रोपं सावली द्यायला वीस-तीस वर्षं घेतात. मासेमारी थांबवण्याचा नियम पुढच्या उन्हाळ्यात लागू होऊ शकतो. एक दुसऱ्याच्या आड येत नाही.

चौथा आक्षेप सगळ्यात गंभीर: गिली, छोटी हॉटेलं, गावातली दुकानं यांच्या पोटाचं काय? म्हणूनच नियम हवा. आज तोटा गुपचूप, एकेकट्याच्या गळ्यात पडतो. नियम असेल तर करारातच लिहिता येईल, की नदी तापून बंद झाली तर तो दिवस थंड आठवड्यात मिळेल. बंद दिवसांत गिलीचा पगार चालू राहील, आणि तो तापमान नोंदवेल, रोपं लावेल, थंड झऱ्यांच्या तोंडाशी गोळा झालेल्या माशांची राखण करेल. यासाठी लागणारे पैसे हक्कमालकांनी द्यावेत. ज्या हक्काचं भाडं खाता, त्या हक्काची राखण करायला सरकारी तिजोरी कशाला?

आणि हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. कॅनडात न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिची नदीवर पाण्याचं किमान तापमान सलग दोन दिवस २० अंशांच्या वर राहिलं, की थंड पाण्याचे ठराविक डोह मासेमारीला बंद होतात. नॉर्वेने २३ जून २०२४ ला, ऐन हंगामात, मासे परतत नाहीत असं दिसताच ३३ नद्या बंद केल्या. कुणाची मिनतवारी केली नाही. आणि हालचाल उशिरा झाली की काय होतं, ते नॉर्वे-फिनलंड सरहद्दीवरच्या टाना नदीला विचारा. सामी लोक तिला देआत्नू म्हणतात. एकेकाळची जगातली फार मोठी सॅमन नदी, आणि २०२१ पासून तिथे सॅमन धरणं बंद आहे. बंदी पर्यटकाला लागली तशी शेकडो वर्षं त्या माशावर जगलेल्या सामी कुटुंबांनाही लागली. पर्यटक दुसऱ्या नदीवर गेला. सामी कुठे जाणार? जाळी विणायची रीत, पाण्याच्या खाणाखुणांचे शब्द, हे सगळं नदीबरोबरच बंद पडतं. वेळेवर आठवडाभर थांबायला नको म्हटलं की पुढे वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि त्याची झळ ज्याचा दोष सगळ्यात कमी त्याला आधी लागते.

आपल्या कोळ्यांनी हे कायद्याच्या आधी ओळखलं होतं. पावसाळ्यात होडी किनाऱ्याला, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच ती पाण्यात. सण तिथीवर असला तरी त्यामागे खवळलेला समुद्र आणि माशांच्या विणीचा काळ आहे. पाणी बघून थांबायचं, हे शहाणपण आपल्याला परकं नाही.

मागण्या तीनच. एक, सलग दोन दिवस पाणी २० अंशांच्या खाली उतरलं नाही तर त्या पट्ट्यात सॅमन-मासेमारी आपोआप बंद. दोन, तापमान सरकारी यंत्रणेने मोजावं आणि पातळीसारखंच रोज जाहीर करावं. तीन, बंद दिवसांची भरपाई आणि गिलींचा पगार हक्कमालकांकडून. यासाठी नवा कायदाही लागणार नाही. २००३ च्या कायद्यातच मंत्र्यांना सॅमनच्या रक्षणासाठी नियम करण्याचा अधिकार आहे. कुठल्या नदीतला मासा मारायचा आणि कुठल्या नदीत सोडायचाच, हे दरवर्षी ठरवणारे २०१६ चे नियम त्याच अधिकारात आले. इच्छा असेल तर एका कागदाचं काम आहे.

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींनी दोन गोष्टी कराव्यात. इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या माणसाला, पासपोर्ट कुठलाही असो, स्कॉटिश पार्लमेंटसाठी मत देता येतं. म्हणजे तुमचा प्रतिनिधी तुम्हाला उत्तर द्यायला बांधील आहे. त्याला या तीन मागण्यांची मेल पाठवा. आणि अबर्डीन-इन्व्हरनेसकडचे आपले इंजिनिअर आणि डॉक्टर, ज्यांच्या गॅरेजमध्ये हल्ली काठ्या दिसायला लागल्यात, त्यांनी बुकिंग करताना लेखी विचारावं: पाणी २० अंशांच्या वर गेलं तर माझ्या दिवसाचं काय? उत्तर टाळाटाळीचं आलं तर पैसे गावच्या अँगलिंग असोसिएशनला द्या. तिथलं पाणी स्वस्तही असतं आणि माणसंही बोलकी असतात.

आपण या देशात पाहुणे आहोत, इथल्या नदीबद्दल आपण कशाला बोलायचं, असं काही जण म्हणतील. वीस वर्षं कर भरून, इथल्या नळाचं पाणी पिऊन, मुलांना इथल्या शाळेत घालूनही आपण पाहुणेच असू, तर मग घरचे कधी होणार?